आगमनकाळ आणि गाळलेली वचने

नाताळापूर्वीच्या चार रविवारांनी बांधलेला काळ कॅथलिक परंपरेत आगमनकाळ म्हणून पाळला जातो. जांभळी वस्त्रे, दर रविवारी एकेक करून पेटवायच्या चार मेणबत्त्या, गोठ्याची तयारी ही त्याची डोळ्यांना दिसणारी अंगे होत. परंतु हा काळ मूलतः ऐकण्याचा आणि वाचण्याचा आहे. रोजच्या मिस्सेत जुन्या करारातील, त्यातही मुख्यतः यशया संदेष्ट्याच्या ग्रंथातील, एक उतारा आणि शुभवर्तमानातील एक उतारा वाचला जातो. कोणत्या दिवशी काय वाचायचे, कोठे आरंभ करायचा आणि कोठे थांबायचे, हे ठरलेले असते. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ साली जी वाचनव्यवस्था अमलात आली, तीच आज जगभरच्या रोमन कॅथलिक चर्चमध्ये प्रचलित आहे. साहित्याच्या अभ्यासकाला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. तो एक वेच्यांचा संग्रह आहे. अशा कोणत्याही संग्रहात संपादकाची दृष्टी जितकी घेतलेल्या मजकुरातून दिसते, तितकीच ती गाळलेल्या मजकुरातूनही दिसते.

आगमनकाळाच्या तिसऱ्या आठवड्यातील शुक्रवारासाठी यशयाच्या ५६ व्या अध्यायाचा आरंभ नेमलेला आहे. हे वाचन तिसऱ्या वचनाच्या पूर्वार्धापाशी थांबते, सहाव्या वचनापासून पुन्हा सुरू होते आणि आठव्यापाशी संपते. ऐकणाऱ्याला हा सांधा जाणवत नाही. देव आपल्याला त्याच्या लोकांतून वेगळे काढील असे परदेशीयाने म्हणू नये, असे संदेष्टा सांगतो. आणि पाठोपाठ परदेशीयांनाही पवित्र पर्वतावर आणले जाईल, देवाचे घर सर्व राष्ट्रांसाठी प्रार्थनेचे घर होईल, असे अभिवचन येते. अर्थ अखंड वाटतो. मात्र मधल्या अडीच वचनांत त्या परदेशीयाच्या शेजारी आणखी एक माणूस उभा आहे. तो खच्ची केलेला पुरुष आहे. आपण वाळलेले झाड आहोत असे त्याने म्हणू नये, असे संदेष्टा त्याला बजावतो. जो देवाचा करार पाळील त्याला देव आपल्या घरात, आपल्या भिंतींच्या आत, एक स्मारक देईल आणि मुलगे-मुली असण्यापेक्षाही श्रेष्ठ असे, कधीही न पुसले जाणारे नाव देईल, असे ते अभिवचन आहे. मिस्सेत ते ऐकू येत नाही.

या शुक्रवाराची पंचांगातील जागाही लक्षात घेण्यासारखी आहे. १७ डिसेंबरपासून नाताळापर्यंत आठवड्याच्या वारांची वाचने बाजूला पडतात आणि तारखेनुसार नेमलेली वाचने सुरू होतात. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यातील शुक्रवारचे वाचन व्हायचे तर तो शुक्रवार १६ डिसेंबरलाच यावा लागतो; म्हणजे नाताळ रविवारी यावा लागतो. ही व्यवस्था सुरू झाल्यापासून असे १९७७, १९८३, १९८८, १९९४, २००५, २०११, २०१६ आणि २०२२ या आठ वर्षांत घडले. यानंतर ते २०३३ साली घडेल. ज्या दिवशी हा अध्याय वाचला जातो तो दिवसच इतका विरळ. आणि त्या दिवशीही ही अडीच वचने नाहीत. सामान्य काळातील विसाव्या रविवारी, तीन वर्षांच्या चक्रातल्या पहिल्या वर्षी, हाच अध्याय पुन्हा येतो. तेथेही पहिल्या वचनावरून वाचन थेट सहाव्यावर जाते.

यामागे कुणाचा आकस होता असे मानण्याचे कारण नाही. आगमनकाळाचे एक सूत्र सर्व राष्ट्रांना मिळणारे आमंत्रण हे आहे. ते परदेशीयाच्या उल्लेखाने सिद्ध होते, आणि रोजचे वाचन आटोपशीर ठेवावे लागते. संपादनाच्या दृष्टीने निर्णय समजण्याजोगा आहे. परंतु संपादनाचा हेतू आणि संपादनाचा परिणाम या दोन गोष्टी निराळ्या असतात. ज्याला उद्देशून ती वचने लिहिली गेली, त्याच्या बाबतीत परिणाम एकच होतो: त्याच्या शेजाऱ्याला हाक येते, त्याला येत नाही.

गाळलेली वचने मूळ संहितेत काय कार्य करतात, हेही पाहिले पाहिजे. अनुवाद या ग्रंथाच्या २३ व्या अध्यायाच्या आरंभी स्पष्ट नियम आहे: ज्याचे पुरुषत्व नष्ट झाले आहे त्याने देवाच्या मंडळीत येऊ नये. यशयाचा हा भाग बाबेलच्या बंदिवासानंतरचा मानला जातो. त्याच्या कर्त्याला तो जुना नियम ठाऊक आहे. तो नियमाचा उल्लेख न करता त्याच्या उलट बोलतो. म्हणजे पवित्र मानल्या गेलेल्या एकाच ग्रंथसमूहात एक संहिता दुसऱ्या संहितेशी वाद घालते आणि दोन्ही जपल्या जातात. धर्मग्रंथ एकमुखाने बोलतो असे त्याचे भक्त आणि त्याचे टीकाकार दोघेही अनेकदा गृहीत धरतात. या अध्यायापुरते तरी ते गृहीतक टिकत नाही.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. यशयातील हा पुरुष म्हणजे आजचा समलिंगी माणूस नव्हे. पहिल्याची ओळख त्याच्या देहावर केलेल्या शस्त्राघातातून आली आहे, दुसऱ्याची त्याच्या ओढीतून. प्राचीन संहितेवर आजची ओळख लादणे हा अभ्यासातला आळस ठरेल. मराठीत तर अडचण आणखी वाढते. मराठी बायबलमध्ये या माणसासाठी योजलेला ‘षंढ’ हा शब्द बोलण्यात शिवीसारखा वापरला जातो. आशेचे अभिवचन ज्या शब्दाने सुरू होते, तो शब्दच कानाला अपमानासारखा लागतो. तरीही या दोघांना जोडणारा एक धागा आहे. तो देहाचा नाही, वंशाचा आहे. दोघेही अशा समाजात उभे आहेत जेथे माणसाचे नाव पुढे नेण्याचा एकच मार्ग मानला जातो, आणि तो मार्ग दोघांनाही बंद आहे. वाळलेल्या झाडाची प्रतिमा नेमकी तेथे लागू पडते.

ज्या वर्षी १६ डिसेंबरला यशयाचा हा अध्याय वाचला जातो, त्या वर्षी लगेच दुसऱ्या दिवशी, १७ डिसेंबरला, मत्तयकृत शुभवर्तमानातील वंशावळ वाचली जाते. ही तारीख रविवारी आली नाही तर ती इतर वर्षांतही याच दिवशी वाचली जाते, आणि बहुतेक श्रोते ती नावे संपण्याची वाट पाहतात. अब्राहामापासून येशूपर्यंतच्या या नामावळीत ‘जन्म दिला’ या अर्थाचे एकच ग्रीक क्रियापद कर्तरी रूपात ३९ वेळा येते. मराठीत त्याची ‘अमक्याला तमका झाला’ अशी रचना होते. बाप, मुलगा, त्याचा मुलगा, ही साखळी योसेफापर्यंत येते आणि तेथे तुटते. योसेफाला येशू झाला असे लेखक म्हणत नाही. क्रियापद कर्मणी होते आणि वाक्य मरियेकडे वळते. चाळीसाव्या ठिकाणी वंशावळ आपलेच व्याकरण मोडते. त्याआधीही तिने चार ठिकाणी वाकडी वाट धरलेली असते. तामार, राहाब, रूथ आणि उरियाची पत्नी या चौघींपैकी एकीचीही कथा रीतसर विवाहाच्या सरळ रेषेत बसत नाही.

पुढच्याच प्रसंगात योसेफाला स्वप्नात आज्ञा होते, आणि तो मुलाला स्वीकारून त्याचे नाव ठेवतो. त्याचे पितृत्व बीजाचे नाही, नाव देण्याचे आहे. आदल्या दिवशी गाळले गेलेले अभिवचनही नावाचेच होते. ते उच्चारले गेले नाही, तरी दुसऱ्या दिवशीच्या कथेत ते घडलेले दिसते: संततीच्या साखळीबाहेरून नाव येते आणि तारणाची सगळी कथा त्यावर उभी राहते. दोन वाचने शेजारी ठेवून वाचणाऱ्यालाच हे दिसू शकते. आणि शेजारी ठेवून वाचणे हे समीक्षेचे नित्याचे काम आहे.

दर्यापुरात बसून ही दोन्ही वाचने वाचणारा एक वाचक कल्पून पाहावा. वाचक कल्पिणे ही समीक्षेची रुळलेली सोय आहे. येथे ती निव्वळ सोय नाही, कारण असे वाचक असतात. ते सहसा आपली ओळख देत नाहीत, एवढेच. हा वाचक कॅथलिक आहे आणि समलिंगी आहे. मराठी ही त्याच्या प्रार्थनेची भाषा आहे. ‘क्विअर’ हा शब्द त्याला वाचून ठाऊक आहे, पण त्या शब्दाने त्याला आजवर कुणी हाक मारलेली नाही. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. वऱ्हाडात कॅथलिक माणूस मुळातच थोडा. गावाच्या लेखी तो ‘मिशनचा माणूस’ असतो आणि मिशनच्या लेखी भला, अविवाहित, कामाला येणारा माणूस. यापैकी कोणतीही ओळख खोटी नाही. दोन्ही अपुऱ्या आहेत.

आगमनकाळ आणि वऱ्हाडातील लगीनसराई साधारण एकाच सुमारास सुरू होतात. तुळशीचे लग्न उरकले की मंगल कार्यालये भरू लागतात, आणि शेजारपाजारचे लोक मायेनेच म्हणतात, “औंदा तरी लगन करून टाक बाप्पा.” या बोलण्यात वैर नसते, म्हणूनच त्याला उत्तर देणे कठीण जाते. उलट आगमनकाळात गाजावाजाचे विवाह टाळण्याची चर्चची जुनी चाल आहे. गावात वरातीचे बँड वाजत असताना या चार आठवड्यांत त्याच्या चर्चचे लक्ष कुणाच्याही वरातीकडे नसते. ते एका अविवाहित, गर्भवती मुलीकडे आणि स्वप्नावर विश्वास ठेवणाऱ्या तिच्या भावी पतीकडे लागलेले असते. वर्षभरात जे चर्च त्याला कुटुंबाचे आदर्श ऐकवते, तेच या काळात एका अवघडलेल्या घराची कथा सांगते. या वाचकाला आगमनकाळ जवळचा वाटत असेल, तर त्याचे एक कारण येथे शोधता येईल.

परंतु आगमनकाळ म्हणजे प्रतीक्षा, आणि या वाचकाच्या आयुष्यात प्रतीक्षेचा अर्थ आधीच खराब झालेला आहे. थांब, असे त्याला सगळ्यांनीच सांगितले आहे. २००९ साली दिल्ली उच्च न्यायालयाने दिलेला दिलासा सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी काढून घेतला. तो आगमनकाळाच्या दुसऱ्या आठवड्यातला बुधवार होता. त्या वेळी मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ऑस्वाल्ड ग्रेशियस यांनी समलिंगी व्यक्तींना चर्चने कधीही गुन्हेगार मानलेले नाही, अशी भूमिका मांडली होती. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने परस्परसंमतीचे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर आले. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी विवाहाचा प्रश्न न्यायालयाने कायदेमंडळाकडे सोपवला. म्हणजे पुन्हा थांबणे आले.

चर्चची भाषाही याहून फार वेगळी नाही. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या कॅथलिक धर्मशिकवणीच्या ग्रंथात या विषयावर तीन परिच्छेद आहेत, २३५७ ते २३५९. पहिल्यात समलिंगी कृतींना मुळातच विपरीत ठरवले आहे. दुसऱ्यात अशा व्यक्तींना आदराने, करुणेने आणि हळुवारपणे स्वीकारावे, त्यांच्याशी अन्याय्य भेदभाव करू नये, असे म्हटले आहे. तिसऱ्यात त्यांना ब्रह्मचर्याचे आवाहन आहे, आणि आत्मसंयम, निरपेक्ष मैत्री, प्रार्थना व कृपा यांच्या बळावर ते हळूहळू पूर्णत्वाजवळ पोहोचू शकतात, असे आश्वासन आहे. त्यातला ‘हळूहळू’ हा शब्द या वाचकाला थांबवतो. पावित्र्य नाकारलेले नाही. ते पुढच्या मुक्कामावर ठेवले आहे. १८ डिसेंबर २०२३ रोजी, पुन्हा आगमनकाळातच, पोप फ्रान्सिस यांच्या संमतीने निघालेल्या घोषणापत्राने समलिंगी जोडप्यांना उपासनाविधीबाहेर साधा आशीर्वाद देण्याची मुभा पुरोहितांना दिली. विवाहाविषयीची शिकवण मात्र बदलली नाही. त्यावरून वादळ उठल्यावर ४ जानेवारी २०२४ च्या खुलाशात असा आशीर्वाद दहा-पंधरा सेकंदांचा असावा, असे सुचवले गेले. आफ्रिकेतील बिशपांच्या परिषदांनी तोही देण्यास नकार दिला. शतकानुशतके थांबल्यावर पंधरा सेकंद मिळाले, असे कुणी उपरोधाने म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. ते पंधरा सेकंद कुणाला मोलाचे वाटले, तर त्यालाही देता येणार नाही.

तेव्हा प्रश्न असा की, आगमनकाळाची प्रतीक्षा ही याच थांबण्याचे धार्मिक नाव आहे काय? तसे असेल तर या वाचकासाठी त्या काळात आशा नाही. फक्त सवय आहे. मराठी वाङ्मयाच्या अभ्यासकाला या प्रश्नाच्या उत्तरासाठी फार दूर जावे लागत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ साली छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणाचे दोन भाग आहेत. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या या ग्रंथातील पहिले पुराण जुन्या कराराची कथा सांगते. ख्रिस्त येतो तो दुसऱ्या पुराणात. म्हणजे पहिले पुराण हा एक प्रदीर्घ आगमनकाळच आहे. पण ते वाचताना ख्रिस्त तेथे नाही असे जाणवत नाही. ज्याची वाट पाहायची, त्याच्यामुळेच ही सगळी कथा अर्थपूर्ण झालेली असते. ही ओवी ज्या गोव्यात रचली गेली, त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशनचे न्यायासन काम करीत होते आणि समलिंगी संबंध हा त्याच्या अधिकारातला गुन्हा होता, हेही विसरता येत नाही. एकाच भूमीने आणि एकाच धर्मसत्तेने या वाचकाला प्रतीक्षेची भाषाही दिली आणि दंडाची भीतीही दिली.

प्रतीक्षेचे याहून जुने मराठी व्याकरण विराणीचे आहे. ज्ञानदेवांच्या विराण्यांत पुरुष कवी विरहिणीच्या मुखाने बोलतो आणि येणाऱ्याची वाट पाहतो. दर्यापूरच्या नदीचे नाव चंद्रभागा आहे. पंढरीच्या नदीचेही तेच. तेथला देव वारकऱ्यांची विठाबाई होतो. अमरावती जिल्ह्यातीलच रिद्धपूर येथे तेराव्या शतकात वावरलेल्या गुंडम राऊळांना, म्हणजे श्रीगोविंदप्रभूंना, त्यांचे भक्त आई आणि बाप अशा दोन्ही नात्यांनी हाक मारीत. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ताला माउली केले. मराठी भक्तीत लिंगाची रेषा ओलांडणे हे भावनेच्या उत्कटतेचे लक्षण ठरते, विकृतीचे नव्हे. विराणीत वाट पाहणे हेच नाते असते. ज्याची वाट पाहायची तो आल्यावर नाते सुरू होते, असे तेथे होत नाही. धर्मशिकवणीतला ‘हळूहळू’ आणि विराणीतली तळमळ यांत हा मूलभूत फरक आहे. पहिल्यात माणूस पावित्र्यापासून अजून दूर आहे. दुसरीत तळमळ हेच पावित्र्याचे अस्तित्व आहे.

या परंपरेने सर्व प्रश्न सुटतात असे मात्र समजू नये. विराणी गाणारा पुरुष कीर्तन संपल्यावर आपल्या घरी, आपल्या बायकामुलांत परत जाऊ शकतो. त्याची ओढ रूपकात सुरक्षित आहे. या वाचकाची ओढ रूपक नाही. ती त्याचे रोजचे जगणे आहे, आणि जे समाज रूपकाला टाळ्या देतात ते जगण्याला दार उघडतातच असे नाही. संतांना समलिंगी ठरवून आधार शोधणे हेही अनैतिहासिक होईल. परंपरा त्याला एवढेच देते की, त्याच्या भाषेला ही वाट पाहण्याची रीत ठाऊक आहे. हे थोडे आहे, पण परकेपणा कमी करण्यास ते पुरते.

नावाविषयीही त्याच्या परिसरात एक जवळचे उदाहरण आहे. गाडगेबाबांचा जन्म दर्यापूरला लागून असलेल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातील शेंडगावचा. त्यांचे निधन २० डिसेंबर १९५६ रोजी झाले, म्हणजे त्यांची पुण्यतिथी नेहमी आगमनकाळाच्या अखेरच्या दिवसांत येते. त्यांना संसार होता, तो त्यांनी सोडला. ते स्वतःला कुणाचा गुरू म्हणवीत नसत आणि त्यांनी शिष्यही केले नाहीत. कुळाची आणि गुरुशिष्यांची अशा दोन्ही साखळ्या त्यांनी स्वतःहून तोडल्या. तरी त्यांचे नाव धर्मशाळांच्या भिंतींत राहिले आणि आज अमरावतीचे विद्यापीठ ते धारण करते. त्यांची निवड आणि या वाचकाची स्थिती एक नव्हे. पण मुलगे-मुली असण्यापेक्षा श्रेष्ठ नाव म्हणजे काय, हे दर्यापुरातल्या माणसाला समजावून सांगावे लागत नाही, एवढे यावरून निश्चित होते.

गोव्यातील कोलवाळचे वेंडेल रॉड्रिक्स (१९६०–२०२०) हे दुसरे उदाहरण. त्यांनी आपली ओळख लपवली नाही. मुंबईतील गोमंतकीय कॅथलिक कुटुंबात जन्मलेल्या या वस्त्ररचनाकाराने २००२ साली आपल्या फ्रेंच साथीदाराशी त्या देशाच्या कायद्यानुसार सहजीवनाचा करार केला, कुणबी लुगड्याला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून दिली, गोव्याच्या पेहरावाचा इतिहास लिहिला आणि आपल्या जुन्या घराचे वस्त्रसंग्रहालय करण्याचे काम हाती घेतले. घर, भिंती, स्मारक, नाव हे यशयाचे चारही शब्द येथे शब्दशः भेटतात. त्यांना संत ठरवण्याची गरज नाही. कॅथलिक घरात वाढलेला समलिंगी माणूस वाळलेले झाड असतो, हे विधान त्यांच्या आयुष्यासमोर टिकत नाही, एवढेच पुरेसे आहे.

दर्यापूर पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात येते. येथे विहिरीचे पाणी खारे असते. ते पिकाला देऊन चालत नाही. तरीही डिसेंबरमध्ये हरभऱ्याची शेते हिरवी असतात. काळ्या जमिनीने पावसाळ्यात धरून ठेवलेली ओल आणि पहाटेचे दव यांवर ते पीक उभे राहते. आगमनकाळाच्या चौथ्या रविवारचे परंपरागत लॅटिन प्रवेशगीत यशयाच्या ४५ व्या अध्यायातून आले आहे. आकाशाने दवासारखे वरून पाझरावे आणि धरणीने उघडून तारण उगवू द्यावे, अशी त्यातली विनवणी आहे. ओलिताच्या मुलखात ही ओळ सुंदर वाटेल. खारपाणपट्ट्यात ती शेतीची वस्तुस्थिती आहे. ज्याला पाणी म्हणावे ते खारे आहे, आणि तरी जमिनीत ओल आहे. या वाचकाच्या चर्चविषयी याहून नेमके काही सांगता येईल असे वाटत नाही.

ही ओल कोठे आहे, ते प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात दिसते. इथिओपियाच्या राणीचा खजिनदार यरुशलेमेहून परतत असताना रथात बसून यशया वाचतो आहे. तोही खच्ची केलेला पुरुष आहे. फिलिप्प त्याला विचारतो की, वाचतोस ते तुला समजते काय? कुणी उलगडून सांगितल्याशिवाय कसे समजणार, असे तो म्हणतो आणि फिलिप्पला रथात आपल्याजवळ बसवून घेतो. तो ५३ वा अध्याय वाचत असतो. त्यात ज्याचे जीवन तोडले गेले, त्याच्या पिढीविषयी कोण सांगेल, असा प्रश्न आहे. निर्वंश माणसाने नेमक्या याच ओळीपाशी थांबावे यात आश्चर्य नाही. गुंडाळी आणखी थोडी उलगडली की ५६ वा अध्याय येतो. आपला बाप्तिस्मा होण्यास काय आड येते, असे तो विचारतो. फिलिप्प उत्तरात एकही अट घालत नाही. दोघे पाण्यात उतरतात. हा प्रसंग पुनरुत्थानकाळात मिस्सेत वाचला जातो. एका ऋतूत गाळलेला माणूस दुसऱ्या ऋतूत वाचक म्हणून परत येतो.

फिलिप्पने येथे जे केले ते अर्थनिर्णयनाचे एक प्रारूप आहे. त्याने रस्त्यावर उभे राहून अर्थ सांगितला नाही. तो रथात चढला, वाचणाऱ्याच्या शेजारी बसला आणि जेथे तो वाचत होता तेथूनच आरंभ केला. दर्यापूरच्या वाचकाला अशा शेजाऱ्याची गरज आहे. तो त्याला भेटेलच असे नाही. पण ग्रंथ त्याच्या हाती आहे. वाचनव्यवस्थेने वचने वाचनातून गाळली आहेत, बायबलमधून नाही. तिसऱ्या वचनाच्या पूर्वार्धापाशी थांबण्याचे बंधन वेदीवरच्या वाचकाला आहे. घरी वाचणाऱ्याला नाही. आगमनकाळातल्या कोणत्याही पहाटे तो पुढची अडीच वचने वाचू शकतो, आणि त्यासाठी त्याला २०३३ सालाची वाट पाहावी लागत नाही. त्याची आशा परवानगीवर अवलंबून नाही, असे म्हणण्याचा आधार हाच आहे. जे मिळायचे आहे ते आधीच लिहिलेले आहे, आणि ते त्याला उद्देशून लिहिलेले आहे. पावित्र्याची अटही तेथेच सांगितली आहे: करार पाळणे. देहाची किंवा संततीची दुसरी कोणतीही अट त्या वचनांत नाही. करार पाळणे म्हणजे काय, यावर चर्चचे आणि त्याचे मतभेद राहतील. पण ते मतभेद घराच्या आतले असतील. भिंतींच्या आत जागा देणारे वाक्य आधी आलेले आहे.

मराठी अभ्यासकांकडे मात्र एक काम उरते. ‘षंढ’ या शब्दाला पर्याय हवा आहे. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या सुबोध बायबलने धर्मग्रंथाची भाषा आजच्या मराठीत आणता येते हे दाखवून दिले. या एका शब्दापाशी पुढील भाषांतरकारांनी अधिक थांबावे. ज्याला नवे नाव देण्याचे अभिवचन दिले जात आहे, त्याला त्या अभिवचनापर्यंत पोहोचण्याआधी शिवी ऐकावी लागू नये. निर्वंश, निरपत्य, खच्ची केलेला असे शब्द सुचतात. प्रत्येकात काही निसटते. योग्य शब्द सापडेपर्यंत ते वाक्य मोठ्याने वाचताना जीभ अडखळत राहील.